पायउचले

घरमालकीणबाईंनी स्वतःचं तिकीट माझ्या हातात ठेवलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. घरमालकांकडून फुकट काही मिळण्याची मला सवय नव्हती, आणि हे तर शो जंपिंगच्या, म्हणजे घोड्यांच्या उड्यांच्या, जागतिक स्पर्धेतल्या अंतिम फेरीचं तिकीट! साल 2006, गाव जर्मनीतलं आखेन. मी तिथे शिकायला गेलो होतो. बाकीच्या जगाला हे गाव माहीत असो-नसो, घोडेवाल्यांचं ते पंढरपूर आहे.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"मीही येणार. पण सात रांगा वर," बाई म्हणाल्या. "यांच्या शेजारची खुर्ची भाडेकरूसाठी असते."

भाडेकरारात हे कलम नव्हतं.

'हे' म्हणजे आमचे घरमालक. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, काटकुळे. जन्मात कधी घोड्यावर बसले नव्हते. बसणं दूरच, घोड्याच्या केसांची त्यांना अॅलर्जी; तबेल्याचा वारा अंगावरून गेला तरी शिंका सुरू. पण बोलायला लागले की वाटावं, यांचं बारसं खोगिरात घातलं असणार. त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुना फोटो लावलेला होता. चिलीमधल्या विन्या देल मारचा, 5 फेब्रुवारी 1949 चा. कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेल 'वासो' नावाच्या घोड्यावरून 2.47 मीटरचा अडथळा ओलांडतोय. हा विक्रम आजही मोडलेला नाही. तो फोटो मला दाखवताना मालकांची उजवी टाच जमिनीवरून अलगद उचलली गेली होती. मला वाटलं, फोटो उंचावर लावलाय म्हणून.

या खेळाचा एक पाढा आहे: घोड्याची एक ढांग म्हणजे माणसाची चार पावलं. स्पर्धेआधी स्वार पायी मैदानात उतरतात आणि एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजत फिरतात. घोडा टेकतो तिथली दोन सोडायची, पुढे उडी घेतो तिथली दोन सोडायची, मधल्यांना चारानं भागायचं. भागाकार पुरा बसला तर ठीक; बाकी उरली की तिथंच घोडं पेंड खातं. मालकांनी हा पाढा घरात लागू केला होता. शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत नऊ पावलं. "टेकण्या-उडण्याची चार गेली, उरली पाच. एक ढांग आणि वर एक पाऊल. फार वाईट अंतर!" असं पुटपुटत ते सुपाचं भांडं घेऊन निघत, आणि सूप खरोखरच सांडे. बाईंनी एकदा टेबल एक पाऊल अलीकडे ओढून घ्यायची सूचना केली. ते गंभीरपणे म्हणाले, "मार्गाची आखणी बदलायचा अधिकार स्वाराला नसतो."

त्या दिवशी सुमारे 40 हजारांचं ते स्टेडियम फुललं होतं. मधे हिरवंगार गवत, त्यावर रंगीत दांड्यांचे अडथळे. घंटा वाजली. घंटेनंतर स्वाराला 45 सेकंदांत सुरुवात करावी लागते. तेवढ्यात मालकांनी टोपी काढून मांडीखाली घातली, चष्मा पुसला आणि दोन्ही हातांत नसलेला लगाम धरला. घोडा पहिल्या अडथळ्याकडे आला, तसा यांचा श्वास थांबला. घोडा हवेत गेला आणि त्याच क्षणी यांचा उजवा पाय गुडघ्यात दुमडून वर! घोडा पलीकडे टेकला, तसा बूट दाणकन खाली. पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थानं मागे वळूनही न पाहता आपली उशी उचलली आणि पाठीशी लावली. दरवर्षीचा असावा.

मी तिथल्या तिथे मालकांचं नाव ठेवलं: पायउचले. आपल्याकडे कुठल्याही गावच्या मतदारयादीत खपून जाईल असं आडनाव.

पायउचले ही काही जर्मनीतलीच जमात नव्हे. बाळाला वरणभात भरवताना स्वतःच 'आ' करणारी मावशी ही पायउचले. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून उजव्या पायानं ब्रेक दाबणारे आमचे वडील, कॅरमची सोंगटी भोकाच्या काठावर रेंगाळली की तिच्यासाठी खांदा झुकवणारा मामा, रनआउटच्या वेळी सोफ्यावरून हात लांबवून क्रीज गाठणारा शेजारी, सगळे एकाच गोत्रातले. काम दुसऱ्याचं, घाम यांचा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याची जात वेगळी. तो मजेत उंटावर बसलेला असतो. पायउचले बिचारा शेळीच्या बरोबरीनं धावत असतो, आणि शेळीला त्याचा पत्ताही नसतो.

अडथळ्याच्या दांड्या दोन्ही बाजूंना उथळ वाट्यांत नुसत्या टेकवलेल्या असतात. खूर लागला की दांडी खाली. एक दांडी पडली की चार फॉल्ट, घोडा अडला की चार, दुसऱ्यांदा अडला की स्पर्धेबाहेर. दांडी पडे तेव्हा पायउचल्यांचा पाय खाली येई आणि करंगळी वर जाई. या करंगळीचा इतिहास आहे. आखेनमध्ये पूर्वी सुयांचे कारखाने होते. तपासणीला बसलेले कामगार खराब सुई करंगळीनं बाजूला काढत. त्यावरून करंगळी उंचावणं ही आखेनकरांची आपसातली रामराम करायची खूण झाली. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. खोली बघायला गेलो त्या पहिल्या दिवशी मालकांनी दार उघडून माझ्यापुढे करंगळी वर केली. आपल्या शाळेत करंगळी कशासाठी वर करतात हे मी नव्यानं सांगायला नको. मी बाजूला झालो आणि त्यांना म्हटलं, "जाऊन या, मी थांबतो."

त्या काळी या स्पर्धेची अंतिम फेरी मोठी मजेदार असे. आधीच्या फेऱ्यांमधून चार स्वार उरत. ते चौघं आधी आपापल्या घोड्यावर आणि मग आळीपाळीनं एकमेकांच्या घोड्यांवर उड्या मारत. चार स्वार, चार घोडे, सोळा फेऱ्या. परक्या घोड्याशी ओळख करून घ्यायला तीन मिनिटं आणि सरावाच्या दोन उड्या. कांदेपोह्यांचा कार्यक्रमसुद्धा याहून लांबतो. दुसऱ्याचं वाहन चालवणं म्हणजे काय, हे मला पुण्यात कळलं होतं. मित्राची चेतक मागून आणावी आणि किक मारमारून पोटऱ्या भरून आल्यावर मित्रानं गॅलरीतून ओरडावं, "अरे, डावीकडे आडवी कर आधी!" इथे ओरडायलाही कोणी नाही, आणि चेतक जिवंत.

चौघांत तीन बायका आणि एक पुरुष होता. अमेरिकेची बीझी मॅडन ऑथेंटिकवर, ऑस्ट्रेलियाची एडविना अलेक्झांडर पियालोटावर, जर्मनीची मेरेडिथ मायकेल्स-बेअरबाउम शटरफ्लायवर आणि बेल्जियमचा योस लान्सिंक करड्या कुमानोवर. यातली मेरेडिथ जन्मानं अमेरिकन, लग्नानं जर्मन. लान्सिंकनं तर 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या संघातून सुवर्णपदक घेतलेलं, आता बेल्जियमचा. एकाचंही माहेर-सासर सरळ नाही, त्यात घोडेही अदलाबदल झालेले. अर्ध्या तासात माझा पार गोंधळ उडाला. अमेरिकन बाई बेल्जियमच्या घोड्यावर असली की टाळ्या कोणाला वाजवायच्या?

"यात आपला कोणता?" मी शेवटी न राहवून विचारलं. जर्मन माणूस मेरेडिथचं नाव घेणार असं मी धरून चाललो होतो.

"जो हवेत आहे तो," पायउचले म्हणाले. आणि पाय वर केला.

मी बघत राहिलो. सोळा फेऱ्यांत त्यांनी शंभराहून जास्त वेळा पाय उचलला असेल. एकदाही झेंडा बघून उचलला नाही. जर्मन बाईसाठी जेवढा उंच, तेवढाच तिला मागे टाकू पाहणाऱ्यांसाठी. मधून मधून वारा फिरला की शिंक येई, पण ती ते अडथळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवत. एका फेरीत शिंक आणि उडी एकाच वेळी आली. पाय वर, तोंडावर रुमाल, आणि पलीकडे दांडी पडली. ते इतके अपराधी दिसले, की मी पुढच्या गृहस्थाच्या वतीनं त्यांना माफ करून टाकलं.

अखेर लान्सिंक जिंकला, मॅडन दुसरी आणि मेरेडिथ तिसरी आली. गंगेत घोडं न्हालं. तीन बायका असून अजिंक्यपद पुरुषाला गेलं, यावर घरमालकीणबाई परतताना बराच वेळ बोलत होत्या. बायका-पुरुषांच्या या एकत्र स्पर्धेत बाई विजेती व्हायला 2018 उजाडलं. तो मान जर्मनीच्या सिमोन ब्लुमनं आपल्या अॅलिसवरून मिळवला. पण तोवर घोडे अदलाबदल करायची पद्धत संपलेली होती. 2014 साली फ्रान्समधल्या कां इथे झाली ती शेवटची. घोड्यांवर ताण पडतो, ही तक्रार जुनीच होती. पायउचल्यांच्या गुडघ्याचा कोणी विचार केला होता की नाही, कोण जाणे.

कारण त्या संध्याकाळी त्यांचा गुडघा संपावर गेला. बसथांब्यापासून घरापर्यंत ते माझ्या खांद्यावर हात ठेवून आले. घराच्या दाराशी तीन दगडी पायऱ्या होत्या. बाई पुढे जाऊन दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पायउचले पहिल्या पायरीपाशी आले आणि थबकले. पाय उठेना. त्यांनी माझ्याकडे पाहून करंगळी वर केली.

"चार फॉल्ट," ते म्हणाले.

मी हात पुढे केला, तो त्यांनी नाकारला. दुसऱ्यांदा अडलं की स्पर्धेबाहेर, हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं. ते बरोबर चार पावलं मागे गेले. नसलेला लगाम हातात घेतला. बाई दारातून काही बोलल्या नाहीत, आणि त्या काही बोलत नाहीत असं मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं. मग पायउचले निघाले. एक, दोन, तीन, चार. उजवा पाय थरथरत वर आला आणि पायरीवर टेकला.

टाळ्या वाजवायला म्हणून मी वर पाहिलं. उंबऱ्यात बाई दाराची कडी घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांची उजवी सपात जमिनीपासून चांगली चार बोटं वर होती.

त्या सात रांगा वर का बसतात, ते मला तेव्हा कळलं.