डोंबिवली टर्मिनल

खानदेशातल्या माणसानं परदेशी जायचं ठरवलं की पहिला प्रश्न व्हिसाचा नसतो. 'कुठून?' हा असतो. मुंबई, सुरत, इंदूर, नागपूर अशी सगळी विमानतळं आमच्याभोवती कोंडाळं करून बसली आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही गावाचं अंतर विचारलं तर जळगाव-धुळ्याकडे उत्तर एकच मिळतं, 'फार नाही, एक रात्र.'

आमचं स्वतःचं विमानतळ नाही असं मात्र कुणी समजू नये. जळगावला कुसुंब्याजवळ आहे. २०१२ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. राष्ट्रपती जळगावच्याच, तेव्हा आता इथून थेट न्यूयॉर्क, अशी गावाची समजूत झाली होती. पण धावपट्टी सुमारे १७५० मीटरची. तिच्यावर पंख्याचं एटीआर विमान उतरतं. दुबई-लंडनची विमानं फक्त वरून जाताना दिसतात. २०१७च्या डिसेंबरात 'उडान' योजनेतून मुंबईची सेवा सुरू झाली, पुढे बंद पडली, मग दुसरी कंपनी आली, तीही गेली आणि २०२४पासून गोवा, हैदराबाद, मुंबई असं पुन्हा सुरू झालं. दरवेळी पहिल्या विमानाला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी असते. उन्हाळ्यात जळगावात एवढं पाणी एकदम फक्त तिथेच दिसतं.

धुळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालतात. आमचे धुळ्याचे साडू गच्चीवर चहा पिताना वर बघून म्हणतात, ''दादा, विमान उडवायला शिकवायचं आमच्या गावात आणि उडायचं मात्र दुसऱ्याच्या गावातून!''

या साडूंच्या मुलीला दुबईत मुलगा झाला. बारशाला आम्ही दोघं साडू आणि आमच्या दोघी, म्हणजे सख्ख्या बहिणी, असे चौघं जाणार हे ठरलं आणि साडूंनी वही काढली. साडू जन्मभर बँकेत होते. निवृत्त झाल्यावर बँकेनं सगळं परत घेतलं, फक्त हिशेबाची सवय त्यांच्याकडेच राहिली.

वहीत त्यांनी रकाने पाडले. पहिला मुंबईचा. दुसरा इंदूरचा, कारण इंदूरहून २०१९च्या जुलैत दुबईचं पहिलं थेट विमान उडालं आणि पुढे शारजाचं आलं. तिसरा सुरतेचा, तिथूनही २०१९पासून शारजाची सोय झालेली. शारजा म्हणजे दुबईच्या शेजारचंच गाव. चौथा रकाना मी सुचवला: जळगावहून छोट्या विमानानं मुंबई आणि तिथून दुबई.

साडूंनी तो उभ्या उभ्या फाडला. छोट्या विमानात सामान माणशी पंधरा किलो, दुबईच्या विमानात तीस. ''मग वरचे पंधरा किलो काय, कुसुंब्याला वॉचमनकडे ठेवायचे?'' शिवाय दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान चुकलं, तर दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही देत नाही. आणि छोटं विमान तुम्हाला उजेडी मुंबईत सोडणार, दुबईचं रात्री दोनला. मधले तास बाकावर बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. ते आम्ही घरीही करतो.

धुळ्याहून इंदूर अडीचशे किलोमीटरच्या वर. सोनगीर, शिरपूर, मग बिजासन घाट, देवीला हात जोडायचे, सेंधवा, खलघाटला नर्मदा. इंदूरला उतरल्या उतरल्या पोहे-जिलेबी. आमची ही आणि तिची बहीण दोघींचाही कल इंदूरकडे होता, आणि तो विमानापेक्षा सराफ्यातल्या खाण्याकडे जास्त होता. धुळ्यातून इंदूरला रेल्वेनंही जाता येईल म्हणतात. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. पण बारसं बाळाचं होतं. त्या गाडीनं जायचं तर मुंज गाठावी लागली असती.

इंदूरचं तिकीट मुंबईपेक्षा माणशी चार-साडेचार हजारांनी जास्त पडत होतं. साडूंनी त्याला चारानं गुणलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, ''दादा, सतरा हजार! सतरा हजारांत धुळ्यात बारसं होतं.''

मुंबई ठरली. तेवढ्यात लक्षात आलं की मुंबई आता एक राहिलेली नाही. २०२५च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालंय. साडूंनी तिकिटावरचं विमानतळाचं नाव भाच्याकडून, मुलीकडून आणि शेवटी बँकेतल्या जुन्या शिपायाकडून वाचून घेतलं. जुनीच मुंबई निघाली.

तारखेचा घोळ वेगळाच. तिकिटावर १४ तारखेचे पहाटेचे दोन दहा. म्हणजे तेराच्या रात्री हजर व्हायचं. म्हणजे तेराला सकाळीच धुळं सोडायचं. म्हणजे आम्ही जळगावकरांनी बारालाच धुळ्याला मुक्कामी यायचं. ''आणि आमावस्या अकराला आहे,'' आमची ही म्हणाली, ''तेव्हा सामान दहालाच बाहेर काढून ठेवू.'' चौदाच्या विमानासाठी आमचा प्रवास दहा तारखेला सुरू झाला.

सामानाचं प्रकरण मी थोडक्यात उरकणार होतो, पण ते उरकत नाही. खानदेशी बाई लेकीकडे जाते तेव्हा काळा मसाला नेते. काळ्या मसाल्याला सुकं खोबरं लागतं, खसखस लागते. आता गंमत बघा: सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्यांच्या निषिद्ध यादीत बसलेलं. खसखस विमानाला चालते, पण अमिरातीत तिची गणना अमली पदार्थांत. ती तिथे सापडली तर बारशाआधी आजोबांचा जामीन. हे कळल्यावर दोघी बहिणींचे चेहरे उतरले. डिंकाच्या लाडवांतली खसखस वजा झाली, मसाला खोबऱ्याशिवाय कुटला गेला. ''हा काळा मसाला नाही,'' मेहुणीबाई डबा बंद करताना म्हणाल्या, ''नुसतं काळं आहे.''

उरलेली जागा बिबडे आणि उडदाच्या पापडांनी घेतली. बिबड्यांना वजन नाही, पण जागा अशी घेतात की त्यांच्याशेजारी चड्डी-बनियनलासुद्धा उभं राहावं लागतं. भरताची वांगी मी स्वतः बाहेर काढली. जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते दाखवून कस्टमवाला सोडेल, अशी आमच्या हिची कल्पना होती. बॅगा आमच्या गल्लीतल्या भुसार दुकानाच्या काट्यावर तोलल्या. दुकानदारानं सवयीनं एका बॅगेतून अर्धा किलो बारदानाचा वजा केला.

आता गाडी. आम्ही चौघं आणि आठ बॅगा. रेल्वेचा पर्याय मी मांडला. जळगावहून मुंबई ४२० किलोमीटर, गाड्या भरपूर. पण साडू धुळ्याचे, आणि धुळ्याहून आधी ५६ किलोमीटर चाळीसगावला जाऊन मग मुख्य मार्गाला लागायचं. तिथे आठ बॅगांसह पूल चढायचा. तेव्हा गाडीच. साडूंनी शब्द टाकला आणि क्रूझर ठरली, किलोमीटरला सोळा रुपये, जाऊन-येऊन.

हे 'जाऊन-येऊन'च सगळ्याच्या मुळाशी आहे. भाडं दोन्ही बाजूंचं द्यायचं तर परतताना गाडी रिकामी आणण्यासारखं पाप खानदेशात दुसरं नाही. ''येतांना गाडी रिकामी काब्र, काका?'' ड्रायव्हरनंच विचारलं. साडूंनाही पटलं. मोठ्या मावशींचे गुडघे दादरच्या डॉक्टरांना दाखवायचे राहिलेच होते. अमळनेरच्या आतेभावाला सिद्धिविनायक करायचा होता. साडूंच्या थोरल्याला भिवंडीहून दुकानाचे तागे आणायचे होते. पोहोचवायला कुणीतरी हवंच, म्हणून धाकटा आला. धाकटा आला म्हणून त्याची बायको आली. शिवाय मागच्या सीटवर एक गृहस्थ होते, त्यांना मी साडूंकडचे समजत होतो आणि साडू माझ्याकडचे. नाशिकला द्वारका चौकात 'बरंय, येतो' म्हणून ते उतरले, तेव्हा हा घोळ उलगडला.

रस्ता उत्तम. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव, नाशिक. पुढे इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरला. ५ जून २०२५ला त्याचा आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झालाय. आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गेलो. मावशींनी बोगदाभर डोळे मिटून जप केला आणि बाहेर आल्यावर 'घाट कधी येणार?' असं विचारलं. घाट टळल्याचं त्यांना वाईट वाटलं, कारण कसाऱ्याला डबे उघडायचे ठरले होते. समृद्धीनं वाचवलेला वेळ भिवंडीनं हातोहात परत घेतला.

आणि मग डोंबिवली.

खानदेशच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात डोंबिवलीचं स्थान कुठल्याही सरकारी अहवालात नाही, हा अन्याय आहे. विमान कुठूनही उडो, आमचं टर्मिनल डोंबिवलीच. कुणाचं कल्याण असेल, कुणाचं कळवा. दोन खोल्यांचा फ्लॅट, भाचा, त्याची बायको, त्यांची दहावीतली मुलगी, आणि संध्याकाळी सातला दारात क्रूझर. तिथे चेक-इन होतं: कोण आंघोळ करणार, कोण नुसतं तोंड धुणार. दिवाणावर प्रतीक्षालय. गॅलरीत सामान. मुलगी पुस्तकं घेऊन शेजाऱ्यांकडे अभ्यासाला जाते. तिला सवय आहे, शेजाऱ्यांनाही आहे. सूनबाई दार उघडतानाच माणसं मोजते आणि आत जाऊन कुकरचा डबा बदलते.

''मामा, इंदूरहून आता थेट विमान आहे म्हणतात,'' तिनं वाढता वाढता सहज विचारलं.

''महाग पडतं, बेटा,'' साडू म्हणाले आणि आणखी एक पोळी घेतली.

मी नंतर वही पाहिली. नाशिकचा चहा, पिंपळगावचा टोल, मावशींची गोळी, सगळं तारीखवार होतं. डोंबिवलीसमोर लिहिलं होतं, 'निरंक'. मुंबईहून स्वस्तात उडणाऱ्या आमच्यासारख्यांच्या तिकिटातले निदान दोन-तीन हजार दर वेळी त्या बाईच्या ओट्यावर फेडले जातात, आणि ते लिहायला साडूंच्या वहीत रकाना नाही. हे मी साडूंना म्हटलं. ते म्हणाले, ''दादा, ती घरची आहे.'' रकाना यामुळेच नव्हता.

रात्री दहाला विमानतळावर. आत फक्त तिकीटवाले. सकाळपासून आम्हाला पोहोचवायला निघालेल्या मंडळींना गाडीतून उतरून नमस्कार करायला मिळालं जेमतेम अर्धं मिनिट, कारण शिट्टीवाला मागे उभा होता. मावशी रडायला सुरुवात करणार तोच त्यांना आत कोंबून दार लावावं लागलं. काउंटरवर आमची एक बॅग अर्ध्या किलोनं जास्त भरली. भुसारवाल्याचं बारदान.

दुबईत तिसऱ्या दिवशी, बाळाचं नाव ठेवून झाल्यावर, साडूंनी हिशेब वाचून दाखवला. मुंबई निवडल्यानं तिकिटात वाचले सतरा हजार. गाडीभाडं, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, नाशिकचं जेवण मिळून गेले सतरा हजारांच्या वर थोडेच. जावई मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, ''म्हणजे पप्पा, काहीच वाचलं नाही!''

साडूंनी पान उलटलं. त्यांचं खरं काम पुढच्या पानावर होतं. इंदूरला जायलाही गाडी लागलीच असती, तिचे वजा. मावशींना दादरला न्यायचं वेगळं भाडं पडलं असतं, ते वजा. सिद्धिविनायकाचे वजा. ताग्यांची वाहतूक वजा. ''आणि त्या द्वारका चौकवाल्याकडून भाडं घ्यायचं राहिलं,'' ते म्हणाले, ''ते येणे बाकी.'' तळाशी नफा दिसत होता. चाळीस वर्षं बँकेनं या माणसाला सांभाळलं, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

जावयानं तेवढ्यात आमची परतीची तिकिटं बदलून इंदूरची मिळतात का, ते बघायला घेतलं. मिळत होती. वरचे पैसे तोच भरणार होता. दोघी बहिणी सराफ्यात काय काय खायचं ते ठरवायला लागल्या. साडूही 'जावयाचा मान ठेवला पाहिजे' इथपर्यंत आले होते.

मग धुळ्याहून ड्रायव्हरचा फोन आला.

''काका, तुमले लेवाले येवानी गाडी भरी गई. तुमनी जागा मांगे शे.''