डॉक्टर बदलला, दुखणं तेच

लंडनहून बातमी आहे की 'डॉक्टर हू' ही मालिका संपली. दुसरी बातमी आहे की ती संपलेली नाही. दोन्ही बातम्या चाहत्यांनीच पसरवल्या आहेत आणि दोन्हींचा त्यांना सारखाच संताप आला आहे.

प्रत्यक्षात घडलं ते एवढंच. ३१ मे २०२५ रोजी पंधरावा डॉक्टर, म्हणजे शूटी गाट्वा, पडद्यावर सोनेरी उजेडात विरघळला आणि त्याच्या जागी बिली पायपर हसत उभी राहिली. हीच बाई २००५ मध्ये याच मालिकेत डॉक्टरची सोबतीण होती. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण 'डॉक्टरच्या भूमिकेत' हे शब्द काही आले नाहीत. ऑक्टोबरमध्ये बीबीसीनं जाहीर केलं की भागीदार असलेली डिस्ने कंपनी यापुढे बरोबर नाही. मालिका मात्र आम्ही सोडणार नाही, २०२६ च्या नाताळासाठी रसेल टी. डेव्हिस एक खास भाग लिहितील. म्हणजे चाहत्यांच्या हाती दीड वर्षासाठी एक बाई, एक अर्धवट श्रेयनामावली आणि भरपूर मोकळा वेळ. दुष्काळात असं कुरण कुणाला मिळतं?

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आलेला नाही अशा सुखी माणसांसाठी थोडं सांगतो. डॉक्टर हा गॅलिफ्रे ग्रहावरचा, काळातून प्रवास करणारा इसम. खरं नाव गुपित. वाहनाचं नाव टार्डिस; बाहेरून ब्रिटिश पोलिसांचं निळं खोकं, आत शिरलं की संपतच नाही. पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचं लक्ष भलतीकडेच होतं, त्यामुळे पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय सत्तावीस. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी बजावलं होतं की बटबटीत डोळ्यांचे परग्रहवासी राक्षस या मालिकेत अजिबात नकोत. महिनाभरात डालेक हजर. एका हाताच्या जागी तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी पंप लावलेले हे पत्र्याचे राक्षस पाहून ब्रिटनमधली पोरं वेडी झाली. साहेबांचा हुकूम धाब्यावर बसवूनच मालिका तगली, हे चाहत्यांनी पुढे कायम ध्यानात ठेवलं.

१९६६ मध्ये पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली. आता मुख्य नटच गेला तर मालिका गुंडाळायची, हा जगाचा शिरस्ता. इथे लेखकमंडळींनी तोड काढली की हा प्राणी मरायला टेकला की मरत नाही, नव्या शरीरात उठतो. हार्टनेल जमिनीवर पडले आणि पॅट्रिक ट्राउटन उठले. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' असं छापलं की बुकिंगच्या खिडकीवर फरक पडतो; या लोकांनी मूळ संच नावाची भानगडच मिटवून टाकली. धंद्याच्या दृष्टीनं अशी युक्ती दूरचित्रवाणीवर क्वचितच कुणाला सुचली असेल. पण तिचा एक परिणाम कुणाच्या लक्षात आला नाही. दर तीन-चार वर्षांनी नवा डॉक्टर येणार, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी 'आधीचा बरा होता' हे म्हणायची रीतसर सोय झाली. साठेक वर्षं अखंड चाललेला कार्यक्रम तो हाच. मालिका मध्ये १९८९ ते २००५ अशी बंद होती, १९९६ चा एक चित्रपट सोडला तर. कुरकूर एक दिवस बंद पडली नाही.

पुरावा हवा? १९७६ मध्ये 'द डेडली असॅसिन' ही कथा लागली. गॅलिफ्रेची राज्यव्यवस्था, तिथले कपटी म्हातारे, आणि काळाच्या स्वामींना, म्हणजे डॉक्टरच्या जमातीला, फक्त बारा वेळा शरीर बदलता येतं हा नियम, सगळं त्यात आलं. त्याच वर्षी 'डॉक्टर हू अॅप्रिसिएशन सोसायटी' स्थापन झाली होती. अॅप्रिसिएशन म्हणजे रसग्रहण. तर या रसग्रहण मंडळाच्या अध्यक्षांनी लिहिलेलं परीक्षण इतकं जहाल होतं की ते आजही चाहत्यांच्या इतिहासात सांगितलं जातं. मालिकेतली जादू गेली कुठे, असा जाबच त्यांनी विचारला. तिकडे टीव्हीवरच्या अनीतीविरुद्ध लढणाऱ्या मेरी व्हाइटहाउसबाईही याच कथेवर तुटून पडल्या, कारण एका भागाच्या शेवटी डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबून धरलेलं दाखवलं होतं. चाहते आणि त्यांची हाडवैरीण एकाच बाजूला, हा योग तसा दुर्मीळ. पुढे काय झालं? ती कथा अभिजात ठरली. बारा बदलांचा तो नियम चाहत्यांनी डोक्यावर घेतला, आणि २०१३ मध्ये लेखकानं डॉक्टरला बदलांचा नवा कोटा दिला तेव्हा त्याच नियमाची आठवण करून देत माणसं कुरकुरली.

नियम हा चाहत्याचा प्राण. आता हे बघा. सत्तरच्या दशकात डॉक्टर पृथ्वीवर 'युनिट' नावाच्या लष्करी संस्थेत सल्लागार होता. त्या कथा नक्की कोणत्या साली घडतात? १९७५ च्या एका कथेत सोबतीण सारा जेन सांगते की मी १९८० मधली आहे. १९८३ च्या कथेत मात्र युनिटचे ब्रिगेडियर १९७६ लाच निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवताना दिसतात. म्हणजे ब्रिगेडियर निवृत्त झाल्यावर सारा त्यांच्या हाताखाली काम करत होती. या चार वर्षांच्या खड्ड्यावर जेवढा कागद खर्ची पडला, तेवढ्यात पुणे विद्यापीठाच्या दोन-तीन पीएचड्या सहज पार पडल्या असत्या. अखेर २००८ मध्ये खुद्द डॉक्टरच्याच तोंडी घातलं गेलं की मी यांच्याकडे सत्तरच्या दशकात होतो, की ऐंशीच्या? भलत्याच माणसाला ते वाक्य विनोदी वाटलं असेल. जाणकारांनी मात्र त्याची पुरावा म्हणून नोंद केली, दोन्ही पक्षांनी.

चौथ्या डॉक्टरच्या, टॉम बेकरच्या गळ्यातला तो लांबलचक मफलर तर पूज्यच. वेशभूषाकार जेम्स अॅचसन यांनी बेगोनिया पोप नावाच्या विणकर बाईंकडे रंगीबेरंगी लोकर पाठवली, वापरायची होती त्याहून पुष्कळ जास्त. बाईंना वाटलं, दिली आहे ती सगळी संपवायची. संपवली. त्या गैरसमजातून निघालेला प्रत्येक पट्टा, त्याचा रंग, त्यातले टाके, कोणत्या पर्वात कुठे जोड दिला, याचे तक्ते भाविकांनी तयार केले आहेत. एखाद्यानं जांभळ्याच्या जागी किरमिजी वापरला तर त्याला मेळाव्यात कुणी काही बोलत नाही. फक्त बघतात.

१९८५ मध्ये खरंच संकट आलं. बीबीसी वनचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी मालिका अठरा महिने पुढे ढकलली. चाहत्यांनी मोर्चा काढला असता तर समजलं असतं. त्यांनी गाणं काढलं. 'डॉक्टर इन डिस्ट्रेस'. सहावा डॉक्टर कॉलिन बेकर त्यात, ब्रिगेडियर त्यात, आणि सिंथेसायझरवर हान्स झिमर, ज्यांना पुढे 'द लायन किंग'साठी ऑस्कर मिळालं. पैसे कॅन्सरग्रस्तांसाठी जाणार होते. तरी बीबीसीनं ते वाजवायला नकार दिला. मी ऐकलं आहे. बीबीसीच्या एकूण कारभाराबद्दल माझे मतभेद आहेत, पण त्या एका निर्णयाबद्दल नाहीत.

आता या सगळ्या इतिहासातलं माझं सर्वांत लाडकं दृश्य. १९८६, 'ओपन एअर' नावाचा बीबीसीचाच कार्यक्रम, त्यात प्रेक्षकांनी कार्यक्रमांवर बोलायचं. पर्व नुकतंच संपलेलं. एक सोळा वर्षांचा मुलगा, कोवळा चेहरा, आवाज मात्र परीक्षकाचा, शेवटचा भाग लिहिणाऱ्या पिप आणि जेन बेकर या नवरा-बायकोला सांगतो आहे की लेखन याहून बरं होऊ शकलं असतं, त्यात तेच ते घिसंपिटं फार आहे. लेखकद्वय जमेल तेवढं हसतं आहे. वयाच्या मानानं पोरगा शहाणा आहे असंच कुणीही म्हणेल.

त्या मुलाचं नाव ख्रिस चिबनॉल. २०१८ ते २०२२ 'डॉक्टर हू'ची सूत्रं त्याच्याकडे होती. त्याचं लेखन याहून बरं होऊ शकलं असतं, त्यात तेच ते घिसंपिटं फार आहे, असं सांगणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलांना या वेळी कॅमेऱ्यासमोर बोलावण्याची गरज उरली नव्हती. कॅमेरे त्यांच्या खिशातच होते. १९८६ ची ती चित्रफीत त्यांनीच शोधून काढली आणि चिबनॉलला फिरून फिरून दाखवली.

खरी गोम इथेच आहे. २००५ पासून दुकान चाहत्यांच्याच ताब्यात आहे. डेव्हिस चाहते, त्यांच्यानंतर आलेले स्टीव्हन मोफात चाहते, चिबनॉल चाहते, मग पुन्हा डेव्हिस. बारावा डॉक्टर पीटर कपाल्डी यानं पोरवयात 'रेडिओ टाइम्स'ला लिहिलेलं कौतुकाचं पत्र १९७४ मध्ये छापून आलं होतं. दहावा डेव्हिड टेनंट लहानपणी ही मालिका बघूनच नट व्हायचं ठरवून बसला. पुढे एका भागात डॉक्टरच्या मुलीचं काम करणाऱ्या जॉर्जिया मॉफेटशी त्यानं लग्न केलं, आणि ती खरोखरच डॉक्टरची मुलगी निघाली, पाचव्या डॉक्टरची, म्हणजे पीटर डेव्हिसनची. इतकी निष्ठा तर आपल्या राजकीय घराण्यांतही उरली नाही. साठच्या दशकात मालिका साध्या नोकरदार लोकांनी काढली. त्यांना नावं ठेवायला मोकळीक होती. आता नावं कुणाला ठेवणार? चाहत्याला कळून चुकलं आहे की गादीवर बसलेला माणूस आपल्यासारखाच आहे, आणि म्हणूनच त्याचा भरवसा देता येत नाही.

१६ जुलै २०१७ ला विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यानंतर लगेच जाहीर झालं की तेरावा डॉक्टर बाई आहे, जोडी व्हिटकर. संस्कृती बुडाली. वास्तविक टॉम बेकरनं १९८० मध्ये निरोप घेतानाच पुढचा 'तो किंवा ती' असं म्हणून ठेवलं होतं, १९८६ मध्ये न्यूमन यांनी ग्रेड साहेबांना पत्र लिहून बाईच आणा असं सुचवलं होतं, आणि मोफातनं १९९९ च्या एका विनोदी खास भागात जोआना लम्ली यांना डॉक्टर करून दाखवलंही होतं. व्हिटकरचा पहिला भाग ब्रिटनमध्ये १ कोटी ९ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्यातल्या काहींनी तो केवळ आपण पाहणार नाही हे सांगता यावं म्हणून पाहिला असावा.

मग मार्च २०२० मध्ये चिबनॉलनं बॉम्ब टाकला: हार्टनेल पहिला नव्हेच, त्याच्या आधीही कितीतरी डॉक्टर होऊन गेले. इतिहासाची मोडतोड! पण १९७६ च्या 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस'मध्ये हार्टनेलच्या मागे आणखी आठ चेहरे स्पष्ट दाखवले होते. निर्माता फिलिप हिंचक्लिफ, लेखक रॉबर्ट होम्स वगैरे घरच्याच मंडळींनी वेश चढवून फोटो काढले होते. चव्वेचाळीस वर्षं चाहत्यांनी ते चेहरे मोठ्या मनानं दुर्लक्षिले. पुरावा जुना असला की त्याला दंतकथा म्हणतात, नवा असला की विश्वासघात.

यावर तोडगा आहे, आणि तो बीबीसीनं स्वतःच एकदा यशस्वी करून दाखवला आहे. साठ-सत्तरच्या दशकात चित्रफिती महाग होत्या, जागा कमी होती, पुनःप्रक्षेपणाचे करार मर्यादित होते. म्हणून बीबीसीनं पहिल्या सहा वर्षांतले पुष्कळ भाग पुसून टाकले. पहिल्या रूपांतराचा तो अख्खा भागही गेला. त्यातले मोजके क्षण वाचले, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता. आवाज मात्र प्रत्येक हरवलेल्या भागाचा शिल्लक आहे, कारण घरोघरी कुणी ना कुणी पोरगा टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून बसायचा आणि बशीवर कप ठेवणाऱ्या आईकडे डोळे वटारायचा. हे पुसलेले भाग म्हणजे चाहत्यांच्या लेखी मालिकेचं सुवर्णयुग. त्यात खोट काढता येत नाही. १९९१ च्या अखेरीस 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही अशीच एक अजरामर कलाकृती हाँगकाँगमध्ये सापडली, पुढच्या वर्षी कॅसेटवर आली, लोकांनी घरी बसून पाहिली, आणि नटाला उचलणारी तार दिसली. २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत आले तेव्हा आनंदीआनंद झाला. पण जाणत्यांच्या पोटात गोळाही आलाच असेल, आणखी नऊ भागांचं कौतुक आता धोक्यात.

तेव्हा बीबीसीला माझी विनंती आहे की २०१८ ते २०२५ पर्यंतचे सगळे भाग विनाविलंब पुसून टाकावेत. ध्वनिमुद्रण तेवढं कुणातरी पोराकडे राहू द्यावं. बिली पायपरचा तर भाग चित्रित होण्याआधीच पुसता आला तर खर्चही वाचेल. २०६३ मध्ये शंभरी भरेल तेव्हा व्हिटकर आणि गाट्वा यांच्यासारखे डॉक्टर पुन्हा होणे नाहीत, याबद्दल मंडळात पूर्ण एकमत असेल, आणि सत्तेचाळीसाव्या डॉक्टरला ते ऐकून घ्यावं लागेल.