निवांत जोडणीची पाळी

मायएस्क्यूएल डेटाबेस सर्व्हरवर जोडणी जुळवायला मूळ मुदत 10 सेकंदांची. जुळलेली जोडणी मात्र काडीचं काम न करता 28,800 सेकंद, म्हणजे चांगले आठ तास, ठाण मांडू शकते. अशा जोडण्यांसाठी जागा मुळात 151. वर एक जादा, अर्थातच प्रशासकासाठी राखीव. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी आल्यावर दारं धरायचं सोडून झोपणाऱ्याला बारामती-इंदापुरात शेजारी उठवतो; सर्व्हर तेवढाही शेजारधर्म पाळत नाही. ही आठ तासांची मुदत काही मिनिटांवर आणावी आणि जोडण्या राखून पुन्हा वापरणाऱ्या पूलची मुदत त्याहून कमी ठेवावी, नाहीतर मेलेली जोडणी जिवंत समजून वापरली जाते. पण जागा संपल्या की पहिला हात जातो 151च्या आकड्यावर. त्याचे हजार होतात, मेमरी भरते आणि खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लागते.