अनुभवी इसम

'उमेदवार' हा हुद्दा आमच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेला आहे. आमचा कारवार जिल्हा 1956 पर्यंत मुंबईच्या राज्यात होता, त्या अमदानीत माझे आजोबा सुप्याच्या कचेरीत उमेदवार होते. म्हणजे कोणी कारकून बदलून जावा, निवृत्त व्हावा अथवा ईश्वरेच्छेने वारावा, आणि तोवर आपण बिनपगारी नकला करीत त्याच्या प्रकृतीची आस्थेने विचारपूस करीत राहावे, असे त्या हुद्द्याचे स्वरूप होते. पुढे 1961 च्या कायद्याने कारखान्यांतल्या उमेदवारांस 'शिकाऊ' हे विशेषण आणि त्याबरोबर विद्यावेतनही मिळाले, तेव्हा मागील थकबाकीविषयी त्यात एखादे कलम आहे काय, अशी चौकशी आजोबांनी लागलीच केली.

माझी पाळी आली तेव्हा मी घरी कोंकणी, शाळेत मराठी, अर्जात कन्नड आणि मुलाखतीत इंग्रजी अशा चार भाषा चालवीत होतो, आणि चारही भाषांत मला एकच गोष्ट निर्दोष सांगता येत असे, ती ही की मला अनुभव नाही. दांडेलीत 1955 साली कागदाची गिरणी स्थापन झाली, तेव्हापासून आमच्या रानातला बांबू ट्रकात बसून तिकडे जाई आणि कागद होऊन बाहेर पडे. त्याला मात्र पूर्वानुभव कोणी विचारल्याचे ऐकिवात नव्हते. त्याच कागदावर अर्ज लिहिताना मला बांबूचा मनस्वी हेवा वाटे.

एका कचेरीतल्या साहेबांनी माझा अर्ज वाचून, "मग अनुभव मिळवून ये," असे सांगितले, जणू काही तो आठवड्याच्या बाजारात शेराने मिळत होता. पाण्यात पडल्याविना पोहता येत नाही, ही म्हण मी धीर करून त्यांस ऐकवली. "इथे पाण्यात पडायलाही पोहण्याचा दाखला लागतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी चपराश्याकडे पाहिले.

म्हणीतले पाणी पुढे खरोखरच आमच्या दारी यावयाचे होते. काळी नदीवर गणेशगुडीस 101 मीटर उंचीचे धरण बांधावयाचे ठरले आणि आमचे सुपा गाव बुडीत क्षेत्रात गेले. मोजणीस आलेल्या सर्वेअरला साखळी धरावयास एक हंगामी इसम हवा होता. त्याने मला गाठून ही वाट कोणाच्या परसात जाते ते विचारले, मी सांगितले. कुंपणावरचा फणस कोणाचा ते विचारले. तेही सांगितले, आणि त्या फणसावरून दोघा भावांत किती वर्षांचा अबोला आहे, ही माहिती न विचारता पुरवली. "अनुभवी दिसतोस," तो म्हणाला, आणि माझे नाव हजेरीपटावर चढले. गाव पाण्याखाली जाणार म्हणून मला नोकरी लागली, ही गोष्ट घरी कोणत्या स्वरात सांगावी याचा मी वाटभर विचार करीत होतो. शेवटी पेढे न नेता नुसताच गेलो.

तिसऱ्या दिवशी मोजणी आमच्याच घरी आली. साखळीच्या कड्यांचा खळखळाट ऐकून कोणाचे तरी गुरू दावे तोडून परसात शिरले असे आजीला वाटले आणि ती काठी घेऊन बाहेर आली. पण नातू सरकारी कामावर आहे हे ध्यानी येताच तिने काठी पाठीमागे धरली आणि मला 'अहो' म्हणू लागली. मी झाडे पुकारीत होतो : माड सहा, पोफळी अकरा, फणस दोन.

"तीन," आजी म्हणाली.

तिसरा फणस म्हणजे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले गुडघाभर उंचीचे रोप होते. सर्वेअरने चष्मा काढून त्याजकडे पाहिले. "याला फळ कधी धरलंय काय, आजी?"

"धरेल की! तुम्ही आधी वेळ तर द्या त्याला."

सर्वेअरने माझ्याकडे पाहिले. ज्याला फळ धरण्याचा काडीचाही पूर्वानुभव नाही अशा त्या उमेदवाराकडे मी पाहिले, आणि खणखणीत आवाजात पुकारले, "फणस तीन." माझ्या प्रदीर्घ सेवेतील तो पहिला आणि एकमेव गैरव्यवहार होय.

काम संपल्यावर मी अनुभवाचा दाखला मागून घेतला. 'मजकूर इसमाने मौजे सुपा, तालुका सुपा येथे मोजणीचे काम समाधानकारक केले', असा तो होता, आणि मी तो देवघरात ठेवला. पुढे आम्ही रामनगरास येऊन राहिलो, तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली, तालुक्याचे नावही जोयडा झाले आणि 1987 साली धरण पुरे झाले. त्यानंतर काही वर्षांनी एका कचेरीत मला कायम करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा जुनी सेवा हिशेबात धरावी या आशेने मी तो दाखला हजर केला. कारकून नवा आणि कर्तव्यदक्ष होता. त्याने गावांची यादी वरपासून खालपर्यंत बोटाने तपासली.

"हे गाव कुठे आलं?"

"पाण्याखाली."

"आणि हा तालुका?"

"नाव बदललं."

"दाखल्यावर सही कुणाची?"

"ते निवृत्त होऊन आपल्या गावी गेले."

त्याने दौतीत टाक बुडवावा तशा गांभीर्याने बॉलपेनचे बटण दाबले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'अनुभवाचे ठिकाण आढळून येत नाही, सबब अर्जदारास नवीन उमेदवार समजावे.'