सात टिचक्यांत डेव्हलपर

यवतमाळ जिल्ह्यात ॲप डेव्हलपर व्हायचे सध्या दोन मार्ग आहेत. पहिला फुकट आहे. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जायचं, ‘अबाउट फोन’ उघडायचं आणि ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा टिचकी मारायची. सातवी टिचकी पडली की फोन स्वतःच इंग्रजीतून जाहीर करतो, आता तुम्ही डेव्हलपर झालात! सात पावलांत लग्न लागतं तसं सात टिचक्यांत हे लागतं. पुढचं ज्याचं त्यानं निभवायचं. दुसरा मार्ग पाच दिवसांच्या कार्यशाळेचा. तिथे याच सात टिचक्या तिसऱ्या दिवशी दुपारी शिकवतात आणि वर प्रमाणपत्र देतात. फोन शाल-श्रीफळ देत नाही, त्यामुळे प्रतिष्ठित लोक दुसऱ्याच मार्गाने जातात.

कार्यशाळा पुसदची घ्या, वणीची घ्या, नाहीतर यवतमाळची. पहिला दिवस उद्घाटनाचा. मागे फ्लेक्स. त्यावर पाहुण्यांचे फोटो ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे लहानमोठे, आणि जे टूल शिकवायचं त्याचं नाव सगळ्यांत खाली. ‘फ्लटर’चं ‘फल्टर’ झालेलं असतं. ते कोणी दुरुस्त करत नाही, कारण आयोजकांनाही हे नाव मागच्याच आठवड्यात कळलेलं असतं. दीपप्रज्वलन होतं. वारा सुटल्यामुळे तीनदा होतं. मग प्रमुख पाहुणे सांगतात की आजचं युग माहिती तंत्रज्ञानाचं युग आहे. हे युग गेली पंचवीस वर्षं ‘आजचं’ आहे. पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, आता एखादं ॲपही द्यावं, अशी अपेक्षा व्यक्त होते. वसंतराव नाईकांनी अकरा वर्षांहून जास्त काळ राज्य चालवलं, तेही लॉगिन न करता, हे कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष कामाला सुरुवात होते, म्हणजे टूल उतरवून घ्यायला. तज्ज्ञ सर पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेले असतात. स्वतःचा लॅपटॉप झोपेतही मांडीवर ठेवलेला, कारण त्यात सगळं चालतं. लॅबमध्ये काय चालतं हे त्यांना साडेदहाला कळतं. ॲन्ड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते. लॅबच्या कॉम्प्युटरला ४ आहे, आणि एकेका कॉम्प्युटरला चार मुलं आहेत, म्हणजे मुलामागे एक जीबी. आधी जीबीभराचं मूळ टूल उतरतं, मग एसडीके, मग इम्युलेटर, मग ग्रेडल. सगळे कॉम्प्युटर एकाच वायरीवरून एकच फाइल वेगवेगळी उतरवत असतात.

“सर, हे अजून फिरूनच राह्यलं जी.”

“फिरू द्या. पहिल्यांदा वेळ लागतो.”

“सर, आमचं त लाल झालं.”

“सगळं बंद करून परत सुरू करा.”

बाहेरचा माणूस अशा वेळी वैतागतो. आमच्या जिल्ह्याला वाट पाहण्याचं वेगळं प्रशिक्षण लागत नाही. नॅरोगेजवरची शकुंतला रेल्वे बंद पडली. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आला. ज्यांच्या दोन पिढ्यांनी नकाशावरच्या रेघेकडे बघत दिवस काढले, त्यांना पडद्यावर रेघ सरकताना दिसते हेच पुष्कळ आहे. चार वाजता ती शंभर टक्क्यांवर येते. सव्वाचारला लाइट जाते.

तिसऱ्या दिवशी टूल उघडतं. आता ते शिकवायचं म्हणजे काय? सर बटणं दाखवतात. इथून फाइल, इथून न्यू, इथून प्रोजेक्ट. मुलं वहीत लिहून घेतात: वर डावीकडून तिसरं बटण. आपली शिकवणीची परंपराच तशी आहे. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी गावोगाव पोचली आणि अख्खा महाराष्ट्र वर्डचा मेनू पाठ करू लागला. २००७ च्या ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टने तो मेनूच काढून रिबन बसवली. पास झालेली माणसं रातोरात नापास झाली, फक्त प्रमाणपत्रं परत मागितली नाहीत एवढंच. ‘प्रिंट कुठं गेलं?’ हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षं कितीतरी टेबलांवर ऐकू यायचा. प्रिंट का काढायची, हे तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं.

ॲपच्या दुनियेत तर बटणांना एका जागी बसवतच नाही. गूगलने २०१३ मध्ये ॲन्ड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि २०१५ संपता संपता एक्लिप्सच्या प्लगइनला रामराम ठोकला. ज्यांनी नुकतंच एक्लिप्स शिकून प्रमाणपत्राला लॅमिनेशन केलं होतं, त्यांचं लॅमिनेशन अजून शाबूत आहे. मग जावा शिका म्हणाले. २०१७ मध्ये कॉटलिनला मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये तीच पहिली पसंती झाली. मधल्या मध्ये, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, फ्लटर १.० आलं; त्याची भाषा डार्ट. अभ्यासक्रम समितीची बैठक होऊन नवं टूल पुस्तकात येईपर्यंत ते टूल बनवणाऱ्यांनी दुसरं काढलेलं असतं. यावर उपाय म्हणून आपण दरवर्षी नव्या नावाची कार्यशाळा घेतो. दरवर्षी सगळेच नवशिके असतात. शिकवणारे धरून.

चौथा दिवस परंपरेचा. कर्निगन आणि रिची यांनी १९७८ च्या सी भाषेवरच्या पुस्तकात पहिलाच प्रोग्रॅम पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ छापण्याचा दिला. तेव्हापासून जगातला प्रत्येक नवशिका आधी जगाला नमस्कार घालतो. आमच्याकडे तो सरांच्या पडद्यावरून बघून उतरवला जातो. अर्धविराम सुटतो, महिरपी कंस सुटतो, लाल रेघा येतात, सर बाकाबाकांतून हिंडून कंस लावत जातात. दुपारी दोनला सगळ्या फोनांवर एकाच वेळी ‘हॅलो वर्ल्ड’ उमटतं. टाळ्या. फोटो. जगाने उत्तर दिल्याची नोंद नाही.

मग मिनी प्रोजेक्ट. फ्लटरची एक मोठी सोय आहे. नवा प्रोजेक्ट उघडला की एक तयार ॲप आयतं मिळतं: खाली अधिकच्या खुणेचं बटण, ते दाबलं की वरचा आकडा एकाने वाढतो. एवढंच. पण या एवढ्यावर किती संशोधन उभं राहतं! रंग हिरवा केला की ते कृषी ॲप. गुलाबी केला की महिला सक्षमीकरण. पांढरा केला की कापूस उत्पादकांसाठी क्रांतिकारी उपाय. परीक्षक बटण दाबतात, आकडा वाढतो, परीक्षक मान डोलावतात. शेतकऱ्याचं उत्पन्न एका बोटाने वाढताना त्यांनी याआधी कधी पाहिलेलं नसतं.

कोणी म्हणेल, नवशिक्यांची एवढी थट्टा कशाला? थट्टा त्यांची नाहीच. ती मुलं हुशार आहेत. घाटंजीहून, मारेगावहून पहाटेच्या एसटीने येतात. थट्टा या गोष्टीची आहे की पाच दिवसांत ‘हे वापरणार कोण?’ हा प्रश्न एकदाही निघत नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर लॅबच्या खिडकीबाहेर उभं असतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं ॲप आलं: शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि स्वतःच पेऱ्याची नोंद करायची. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला (कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल; पण आधी फोन, मग सातबारा, मग ओटीपी, मग गाडी. खरेदी केंद्रावर कापसात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला तर तो परत पाठवतात. ॲप कच्चं निघालं तर ते परत पाठवायची सोय शेतकऱ्याला कोणत्याही केंद्रावर नाही.

परत पाठवणारे एकदा निघाले. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी पोषण ट्रॅकर ॲपला आणि निकृष्ट मोबाइलला कंटाळून सरकारने दिलेले फोन सरकारच्या टेबलावर नेऊन ठेवले. ॲप बनवायला शिकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात याहून मोठा धडा झालेला नाही. तो कोणत्याही स्लाइडवर नसतो.

पाचव्या दिवशी अकरा वाजता चहाची सुट्टी होते. आलूबोंडा, चहा. चहा घेऊन येणारे शिपाईकाका नेरकडचे, घरी चार एकर कापूस. किटली ठेवून ते घाटंजीहून आलेल्या एका पोरीपाशी थांबतात.

“पोरी, तू ॲपवाली होय ना? मायं हे कापसाचं पाय बरं. ओटीपीच येऊन नाही राह्यला.”

“काका, नंबर कोणाचा टाकला होता?”

“पोराचा. तो चाकणले हाय, कंपनीत.”

“मंग ओटीपी चाकणले जाऊन राह्यला ना जी.”

“काऊन? कापूस त अठी हाय!”

ती चाकणला फोन लावते. पोराचा फोन गेटवर जमा, पाळी सुटल्यावर मिळेल. तोवर ओटीपी मरणार. ती काकांना खाली बसवते, त्यांच्या हातात फोन देते आणि म्हणते, काका, तुम्ही दाबा, मी फक्त पाहते. काका दाबतात. कापूस वेचून भेगाळलेलं बोट पडद्याला कळतच नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दोन पानं पुढे जातं. मागे यायची खूण काकांना सापडत नाही. इंग्रजी शब्दापाशी ते थांबतात आणि तिच्याकडे बघतात. पोरगी वहीच्या शेवटच्या पानावर भराभर लिहिते: नंबर बदलता यावा. वेळ जास्त हवा. बटण मोठं. मागे जायची जागा दिसावी. पाच दिवसांत त्या वहीत प्रथमच डावीकडून तिसऱ्या बटणाखेरीज काहीतरी उतरतं.

घंटा होते. ती सरांना विचारते, “सर, वापरणारा माणूस असा असला तर स्क्रीन कशी करायची?”

सर घड्याळ बघतात. “ते यूएक्समध्ये येतं. तो कोर्स वेगळा आहे.”

समारोपाला अभिप्रायाचा फॉर्म वाटतात. ‘कार्यशाळेतील सर्वांत उपयुक्त सत्र कोणते?’ या रकान्यात ती पोरगी प्रामाणिकपणे लिहिते: चहाच्या सुट्टीचे. अहवाल तयार होतो, वर जातो, मंजूर होतो. त्यात नमूद असतं की प्रशिक्षणार्थींनी अल्पोपाहाराच्या व्यवस्थेबद्दल विशेष समाधान व्यक्त केले असून, पुढील वर्षी आलूबोंड्यासोबत तर्री-पोहेही देण्याचा प्रस्ताव आहे.