माझ्या पुढच्या वकीलसाहेबांस

सन्माननीय वकीलसाहेब,


आपली नेमणूक अजून झालेली नाही. पण आजवरचा रिवाज पाहता ती होणारच, म्हणून आगाऊ अभिनंदन. मी आपला अशील, दरोड्याच्या गुन्ह्यातला कच्चा कैदी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीत असणे हीच मोफत वकिलासाठी माझी पात्रता. उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही. दाखल्याविना सरकारकडून मिळालेली ही माझी पहिलीच वस्तू.

आधीच्या कुणा वकिलाबद्दल माझी तक्रार नाही. कुणाची पॅनेलवरची मुदत संपली, कुणी सरकारी वकील झाले, एका मॅडमचा करार पुढे वाढला नाही. सगळी माणसे भली. प्रत्येकाने पहिल्या भेटीत विचारले, “काय झालं होतं? थोडक्यात सांग.” सांगून सांगून मी आता इतके थोडक्यात सांगतो, की मी निर्दोष असल्याचा भागच गळून पडतो.

त्या रात्री मी कारखान्यात रात्रपाळीला होतो. पहिल्या साहेबांनी हजेरीपटाची नक्कल मागवण्याचा अर्ज लिहिला. त्यांच्यानंतर आलेल्यांना फाइलमध्ये तो अर्ज सापडला नाही. त्यांच्याही नंतरच्यांना फाइल सापडली नाही.

ओळख परेडमधल्या साक्षीदाराची उलटतपासणी ऐन रंगात आली असताना साहेब बदलले. पुढच्या तारखेला नवे साहेब उभे राहिले, कागद चाळले आणि साक्षीदाराला काहीच विचारायचे नाही म्हणाले. साक्षीदार घरी गेला, मी बराकीत आलो. त्याला परत बोलावता येईल का, असे मी विचारले. तर केवळ वकील बदलला म्हणून साक्षीदार परत बोलावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये शिवकुमार यादव प्रकरणात म्हटल्याचे कळले. रास्तच आहे. फरक इतकाच, की तिथे वकील आरोपीनेच बदलला होता. माझा वकील बदलला, हे मला तारखेला कळते.

कायद्यात काही कमी आहे, असे समजू नका. गरीब कैद्याला मोफत वकील देणे हे शासनाचे कर्तव्य, हे 1978 मध्ये हॉसकोट प्रकरणात ठरले, तेही आपल्याच महाराष्ट्र शासनाविरुद्ध. जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीला साधारण किमान सात दिवस मिळावेत, हे 2019 मध्ये अनोखीलाल प्रकरणात सांगून झाले. माझ्या गुन्ह्यालाही जन्मठेप आहे. आपल्याला ते सात दिवस बहुधा कोर्टाचा जिना चढताना मिळतील.

वकील बदलूच नका, असा माझा हट्ट नाही. माणसे आजारी पडतात, करार संपतात, आणि कामचुकार वकील तर काढलाच पाहिजे. पण नवा तलाठीसुद्धा दप्तराचा चार्ज घेतल्याशिवाय खुर्चीत बसत नाही. तेव्हा जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी एक पान लिहावे: कोणता अर्ज प्रलंबित आहे, कोणत्या साक्षीदाराला काय विचारायचे राहिले, अशिलाचे म्हणणे काय. बदलाचे पत्र मला तुरुंगात तारखेआधी मिळावे. आणि साक्षीदार पिंजऱ्यात अर्धा उभा असताना प्राधिकरणाने वकील बदलला, तर त्याला पुन्हा बोलावण्याचा अर्जही प्राधिकरणानेच करावा. बदल ज्याने केला, त्याची किंमतही त्यानेच चुकवावी.

या खटल्यात तपास अधिकारी बदलले, न्यायाधीश बदलले, आपल्यानंतर आणखी कुणीतरी येतील. त्या सर्वांच्या जागी दुसरे माणूस चालते. शिक्षा लागली तर ती भोगायला मात्र माझ्या जागी बदली माणूस पाठवण्याची सोय कोणत्याही योजनेत नाही.

आपला कायमस्वरूपी,
अशील