बैठकीच्या खोलीतलं उड्डाण

1982 साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एका फ्लॉपीवर मावायचा. 2020 च्या आवृत्तीने डिस्कवर 150 जीबी जागा मागितली. ती करून देताना आमच्या लग्नाचे फोटो पुसले गेले. घरात अजून कुणाला पत्ता नाही.

नवशिक्याने साधी जॉयस्टिक घ्यावी. दांडा पिळला की रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, वळतं; वेगळी पेडलं लागत नाहीत. मी अर्थातच पेडलं घेतली. ती फरशीवर घसरतात, म्हणून त्यांच्यापुढे गव्हाचा डबा टेकवला. खुर्चीला मात्र चाकं. रडर दाबलं की विमान जागच्या जागी आणि वैमानिक थेट स्वयंपाकघराच्या दारात!

शिकायला सेसना 172 बरं, असं जाणते सांगतात. मी बोइंग घेतलं आणि सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरवलं. हसू नका, 1972 साली जपान एअर लाइन्सच्या खऱ्याखुऱ्या वैमानिकांनीही हेच केलं होतं. त्यांच्या पाठीशी “पोळ्या गार होतायत” असं बजावणारा कंट्रोल टॉवर तेवढा नसावा.

आज गव्हाचा डबा गिरणीत गेलाय. उड्डाणं रद्द.